भिंतीमागचे टेकू

तीन राजांचा सण आटोपला की येणाऱ्या शनिवारी आमच्या आळीतला ख्रिस्तजन्माचा देखावा उतरवला जातो. उभारताना वीस-पंचवीस मुले असतात. उतरवायच्या दिवशी चौघेही जमत नाहीत. गवताने शाकारलेला गोठा, पोत्यांवर माती लिंपून केलेले डोंगर, आरशाच्या तळ्यात सोडलेली बदके, सारे तासाभरात जमिनीवर येते. पुतळे कागदात गुंडाळून पेटीत जातात, बांबू मालकाकडे परत जातात आणि संध्याकाळी त्या जागी पोरांचे क्रिकेट पुन्हा सुरू होते. आमचे थोरले बंधू मात्र हा दिवस कधी चुकवीत नाहीत. ‘‘उभे करणाऱ्याला उतरवताही आले पाहिजे,’’ असे ते म्हणतात आणि वाकून एकेक खिळा डब्यात टाकतात.

बंधू व्यवसायाने सुतार. करवत आणि पटाशी त्यांनी वडिलांकडून घेतली. परंतु वडिलांनी लोकांची घरे बांधली, बंधूंनी चित्रपटांची आणि मालिकांची. पहाटेची गाडी धरून वसईहून गोरेगावच्या चित्रनगरीत जायचे आणि रात्री उशिरा अंगावर लाकडाचा भुसा घेऊन परतायचे, असा त्यांचा तीस वर्षांचा क्रम होता. आम्ही चित्रकलेचे शिक्षक होण्यापूर्वी त्यांच्याच ओळखीने आठ महिने एका मालिकेच्या कला विभागात उमेदवारी केली. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हांला एका राजवाड्यासमोर उभे केले. संगमरवरी खांब, नक्षीच्या कमानी, उंच सज्जा! आम्ही थक्क होऊन पाहत राहिलो. बंधू म्हणाले, ‘‘पुढून सगळेच पाहतात. तू मागे ये.’’ मागे कच्च्या लाकडाच्या चौकटी होत्या, त्यांवर ठोकलेले प्लायवूड होते, आणि प्रत्येक भिंतीला तिरका टेकू देऊन त्याच्या पायाशी वाळूची पोती ठेवलेली होती. बंधूंनी एका टेकूला पायाने ढोसून पाहिले. ‘‘राजवाडा याच्यावर उभा आहे,’’ ते म्हणाले.

ते आठ महिने आमच्या आयुष्यात कायमचे राहिले. मालिका अर्ध्यावर बंद पडली, निर्मात्याने शेवटच्या तीन महिन्यांचे पैसे बुडवले आणि आम्ही शाळेची वाट धरली. पण पडद्यावर काही पाहताना आमची नजर अजूनही नटांच्या मागे, भिंतीकडे जाते. श्रेयनामावलीत ज्याचे नाव सरकताना प्रेक्षक उठून दाराकडे निघालेला असतो, त्या माणसाच्या कामाविषयी चार शब्द लिहावेत, असे फार दिवस मनात होते.

या माणसाला आपल्याकडे पूर्वापार कलादिग्दर्शक म्हणतात. ‘प्रॉडक्शन डिझायनर’ ही उपाधी अमेरिकेतली. १९३९ साली ‘गॉन विथ द विंड’ या चित्रपटासाठी विल्यम कॅमेरॉन मेन्झीस यांना ती प्रथम देण्यात आली, कारण त्यांनी केवळ भिंती उभ्या केल्या नव्हत्या, तर सबंध चित्रपटाचे दृश्यरूप आधी कागदावर रेखाटले होते. नाव नवे असले तरी मराठी मुलखाला ही विद्या नवी नाही. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी मूकपटाच्या काळातच रंगवलेले पडदे मागे टाकून घडीव नेपथ्य उभे केले. ‘प्रभात’चे शेख फत्तेलाल मुळात कलादिग्दर्शक. त्यांनी दामल्यांसह दिग्दर्शित केलेला १९३६चा ‘संत तुकाराम’ आजही पाहावा. एका मुसलमान कलावंताच्या हातांनी उभे राहिलेले ते देहू पाहताना इंद्रायणीकाठी जाऊन आल्यासारखे वाटते.

काम चालते कसे, तेही थोडे सांगू. पटकथा हाती आली की डिझायनर प्रसंगवार नोंद करतो: स्थळ कोणते, काळ कोणता, दिवस की रात्र, दार कोणत्या अंगाला, खिडकीतून काय दिसावे. मग जुनी छायाचित्रे, ग्रंथ, संग्रहालये यांचा शोध. मग रेखाचित्रे, पुठ्ठ्याची लहान प्रतिकृती, दिग्दर्शक आणि छायालेखक यांच्याशी चर्चा, मापांचे नकाशे आणि खर्चाचा अंदाज. त्यानंतर सुतार येतात, प्लॅस्टरचे साचे ओतणारे येतात, शेवटी रंगारी येतात. रंगाऱ्याचे काम भिंत नवी करण्याचे नसते. ती जुनी करण्याचे असते. कुणाचा हात रोज कुठे लागला असेल, चुलीचा धूर कुठवर चढला असेल, पावसाची ओल कोणत्या कोपऱ्यात उतरली असेल, याचा विचार करून तो ब्रश फिरवतो. वरून प्रकाश सोडायचा असल्यामुळे पुष्कळदा छप्पर नसते, आणि कॅमेऱ्याला वाट देण्यासाठी एखादी भिंत अखंड काढून ठेवता येईल अशीच ठोकलेली असते.

या विद्येत आमच्या पिढीने ज्यांचे नाव सर्वांत अधिक ऐकले, ते नितीन चंद्रकांत देसाई. मुंबईत कलेचे शिक्षण घेताना त्यांचा ओढा छायाचित्रणाकडे होता. १९८७ साली ते चित्रनगरीत आले आणि कलादिग्दर्शक नितीश रॉय यांच्या हाताखाली उमेदवारी करू लागले. तो दूरदर्शनच्या मोठ्या मालिकांचा काळ होता. गोविंद निहलानींच्या ‘तमस’साठी त्यांनी साहाय्यक म्हणून काम केले, आणि डॉ. चंद्रप्रकाश द्विवेदींची ‘चाणक्य’ ही मालिका चालू असतानाच स्वतंत्र जबाबदारी त्यांच्याकडे आली. मालिका ही या कामातली कठोर शाळा आहे. चित्रपटाचा सेट काही दिवस लागतो. मालिकेचा सेट आठवड्यामागून आठवडे उभा राहतो आणि दर आठवड्याला नवा दिसावा लागतो. आजची राजसभा उद्या पाठशाळा होते. खांब तेच, रंग वेगळा, पडदे वेगळे. थोड्या सामग्रीत पुष्कळ दाखवण्याची सवय ज्याला इथे लागली, तो पुढे कुठेही अडत नाही.

१९९४च्या ‘१९४२ : अ लव्ह स्टोरी’ने देसाईंचे नाव सर्वतोमुखी झाले. त्यानंतर १९९६ साली ‘खामोशी’ आला. गोव्याच्या कॅथलिक कुटुंबाची ती कथा: आईवडील दोघेही मूकबधिर, आणि मुलगी गाणारी. आपल्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको की हिंदी चित्रपटातले ख्रिस्ती घर म्हणजे फार वर्षे एक ठरलेला साचा होता. भिंतीवर क्रूस, टेबलावर बाटली, आणि खुर्चीत झिंगलेला कुणीतरी अंकल. ‘खामोशी’त गरिबी होती, पण घराला घरपण होते. ज्या घरात आईबाप बोलू शकत नाहीत, तिथे वस्तूंनाच बोलावे लागते. आम्ही तो चित्रपट बंधूंसह पाहिला. मध्यंतरात ते एवढेच म्हणाले, ‘‘या घरात माणसे राहतात.’’ सुताराच्या तोंडून याहून मोठी शाबासकी आम्ही ऐकलेली नाही.

पुढच्या काही वर्षांत देसाईंना चार राष्ट्रीय पुरस्कार लाभले: डॉ. जब्बार पटेलांचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’, मग ‘हम दिल दे चुके सनम’, ‘लगान’ आणि ‘देवदास’. या चार नावांतच त्यांच्या हाताचा पल्ला दिसतो. पहिल्या चित्रपटात इतिहासाशी इमान राखायचे होते. बाबासाहेबांचे जीवन ज्यांच्या घरात पूजिले जाते, ते प्रेक्षक एखादी चुकीची वस्तूही सहन करणार नव्हते. उलट ‘देवदास’मध्ये वैभवाचे स्वप्न उभे करायचे होते. पारोच्या महालासाठी रंगीत काचेचे लाखाहून अधिक तुकडे जोडले गेले.

या चारांत आम्हांला मोठा वाटतो तो ‘लगान’. १८९३ सालचे चंपानेर हे गाव कच्छमध्ये, भूजजवळच्या कुनरिया गावापाशी, उजाड माळावर बांधण्यात आले. तिथल्याच लोकांच्या हातांनी आणि तिथल्याच मातीने ती घरे लिंपली गेली. टेकडीवर देऊळ उभे राहिले. चित्रीकरण २००० साली संपले. २६ जानेवारी २००१ रोजी त्या भागात महाभूकंप झाला. शतकांपासून नांदती गावे उद्ध्वस्त झाली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये चित्रपट प्रदर्शित झाला, तेव्हा पडद्यावर खोटे चंपानेर अखंड उभे होते. खरे काय आणि खोटे काय, टिकाऊ काय आणि तात्पुरते काय, याविषयी आपण फार खात्रीने बोलू नये, असे त्या दिवसापासून आम्हांला वाटत आले आहे.

२००० साली ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झाले. त्या कार्यक्रमाचा सेटही देसाईंचाच. चित्रपटातली वास्तू प्रेक्षक एकदा पाहतो. ही वास्तू मात्र रोज रात्री जेवणाच्या वेळी आपल्या घरात येत होती. त्या दोन खुर्च्या आणि भोवतीचा तो निळा प्रकाश आमच्या गावातल्या लहान मुलांनाही ठाऊक होता. तो कुणी रचला, हे मोठ्यांनाही ठाऊक नव्हते.

ज्याने आयुष्यभर मोडण्यासाठीच बांधले, त्याला एकदा तरी टिकणारे काही बांधावेसे वाटणे स्वाभाविक आहे. २००५ साली देसाईंनी रायगड जिल्ह्यात कर्जतजवळ सुमारे ५० एकरांवर स्वतःचा स्टुडिओ उभा केला. ‘जोधा अकबर’साठी मोगलांचा किल्ला तिथे उभा राहिला. २००८च्या ‘राजा शिवछत्रपती’ मालिकेची निर्मिती त्यांनी स्वतः केली. ‘बालगंधर्व’ हा मराठी चित्रपट २०११ साली त्यांच्याच निर्मितीतून आला. तिथे सेट चित्रीकरणानंतर मोडावा लागत नव्हता. लोक सहली काढून ते महाल पाहायला येत.

परंतु उभ्या महालाला रोज खर्च असतो. छप्पर गळते, लाकडाला वाळवी लागते, प्लॅस्टरला तडे जातात. तीन महिन्यांसाठी केलेली भिंत पंधरा वर्षे उभी ठेवायची, तर ती पुनःपुन्हा बांधावी लागते. शिवाय डोक्यावर कर्ज. २०२० साली महामारीने चित्रीकरणे थांबवली. मे २०२१मध्ये स्टुडिओला आग लागली आणि ‘जोधा अकबर’चा सेट जळाला. जुलै २०२३मध्ये त्यांच्या कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. २ ऑगस्ट २०२३च्या सकाळी बातमी आली की देसाईंनी आपल्याच स्टुडिओत आपल्या जीवनाचा अंत करून घेतला. ते ५७ वर्षांचे होते. त्या वर्षीच्या गणेशोत्सवात लालबागच्या राजाच्या मंडपासाठी शिवराज्याभिषेकाच्या ३५०व्या वर्षानिमित्त रायगडाचा देखावा झाला, तो त्यांच्याच कल्पनेतला. लाखो लोकांनी तो पाहिला. पाहणाऱ्यांत तेवढा तो एक नव्हता.

अशा मृत्यूचे कारण एका वाक्यात सांगू नये. कर्ज होते, हे सर्वांना ठाऊक आहे. मनात काय होते, ते बाहेरून कुणालाच दिसत नाही. बातमी ऐकताच आम्ही बंधूंकडे गेलो. आमची घरे भिंतीला भिंत लागून. बंधू ओट्यावर बसले होते. देसाईंच्या हाताखाली त्यांनी कधी काम केले नव्हते. दुरून चार-दोनदा पाहिले होते, तेवढेच. तरी त्यांचे डोळे भरले होते. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, ‘‘त्या वर्षी बारक्या आला नसता, तर मीही गेलो असतो.’’

वाचकहो, पुढची गोष्ट सांगावी की नाही, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. बंधूंनीच लिहिण्यास संमती दिली, म्हणून लिहितो. १९९८च्या सुमारास त्यांनी एका पतपेढीचे कर्ज काढून स्वतःचा कारखाना घातला. सहा सुतार ठेवले, मालिकांचे सेट अंगावर घेऊ लागले. वर्षभरात एका निर्मात्याचे धनादेश परत आले. मजुरांचे देणे, लाकडाच्या वखारीचे देणे, पतपेढीचे हप्ते. बंधूंनी घरात कुणाला काही सांगितले नाही. रविवारी मिस्साला येईनासे झाले. आम्ही समजलो, काम फार आहे. रात्री बावखलाच्या काठी एकटे बसू लागले. आम्ही समजलो, उकाडा आहे. नाताळच्या देखाव्याला त्या वर्षी हात लावला नाही, तेव्हा मात्र आम्ही चारचौघांत थट्टेने बोललो, की दादा आता मोठे कंत्राटदार झाले! भिंतीला भिंत असलेला सख्खा भाऊ आम्ही. आणि आम्हांला काहीच दिसले नाही.

दिसले ते बारक्याला. हा त्यांच्याकडे रंगकाम करणारा पोरगा. कोकणातून आलेला, आमच्या जातीचा ना धर्माचा. तोच एका संध्याकाळी आमच्या आईकडे आला आणि म्हणाला, ‘‘मावशी, दादा हल्ली स्वतःची हत्यारे लोकांना वाटताहेत. मला बरे लक्षण वाटत नाही.’’ रंधा, पटाशा, वडिलांची करवत! ज्या हत्यारांना ते आम्हांला हात लावू देत नसत, ती ते देऊन टाकत होते. आई तशीच उठली आणि बावखलाकडे गेली. ती तिथे काय बोलली, हे तिने अखेरपर्यंत सांगितले नाही. रात्री दोघे हात धरून परत आली, एवढे आम्ही पाहिले. आईच्या पाटल्या विकल्या गेल्या, आमच्या भविष्यनिर्वाह निधीतून उचल झाली, कारखाना बंद झाला. पुरे कर्ज फिटायला सात वर्षे लागली. बंधू पुन्हा रोजंदारीने चित्रनगरीत जाऊ लागले, आणि पुढच्या नाताळला गोठा त्यांनीच शाकारला.

आमच्या लहानपणी आत्महत्या केलेल्याला दफनभूमीत जागा मिळेल की नाही, याची कुजबुज आम्ही ऐकली आहे. १९१७च्या धर्मसंहितेत अशांना ख्रिस्ती दफनविधी नाकारण्याची तरतूद होती. १९८३च्या संहितेत ती उरली नाही. १९९२च्या ‘कॅटेकिझम’ या धर्मशिक्षण-ग्रंथात तर अशा व्यक्तीच्या तारणाविषयी निराश होऊ नये आणि ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते, असे शिकवले आहे. धर्म एवढा पुढे आला. शेजारी म्हणून आम्ही किती पुढे आलो? मेल्यावर प्रार्थना करणे सोपे आहे. जिवंतपणी विचारपूस करणे अवघड, कारण तिच्यासाठी भिंतीच्या मागे जावे लागते.

निर्गमाच्या ग्रंथात बसालेल नावाच्या कारागिराचा उल्लेख आहे. परमेश्वराच्या निवासमंडपाचे काम त्याच्याकडे होते. तो मंडप म्हणजे शेवटी तंबूच. मुक्काम हलला की घडी घालून खांद्यावर घ्यायचा. तात्पुरत्या वास्तूच्या कारागिराचे नावही पवित्र ग्रंथाने जपून ठेवले, याचा अर्थ आम्ही आमच्यापुरता असा घेतो की कामाची थोरवी ते किती काळ उभे राहिले यावर ठरत नाही. देसाईंचे चंपानेर आज माळावर शोधण्याची गरज नाही. आणि त्यांच्या स्टुडिओचे जे काही झाले, त्याने त्यांच्या हातांचे मोल कमी होत नाही. ही गोष्ट त्यांना त्या रात्री कुणी समोर बसून सांगायला हवी होती, असे मात्र राहून राहून वाटते.

गेल्या नाताळला देखावा पूर्ण झाल्यावर मुलांनी बंधूंना बोलावले. आता त्यांना काठी लागते. मुलांनी दिवे लावले, तारा चमकला, सगळे पुढे उभे राहून वाखाणू लागले. बंधू मात्र नेहमीप्रमाणे मागे गेले आणि काठीने एकेक टेकू ढोसून पाहू लागले. मागच्या अंधारात एक मुलगा एकटाच बसला होता. त्याची नोकरी दोन महिन्यांपूर्वी गेली आहे, हे आम्हांला नंतर कळले. बंधूंनी शेवटचा टेकू तपासला, काठी भिंतीला लावली आणि त्याच्या शेजारी जमिनीवर बसले. पुढे गाणी सुरू झाली, तरी ते दोघे बराच वेळ तिथून उठले नाहीत.